तेल गेलं, तूप गेलं, हाती पाना आला

चवथीला आठ दिवस उरले होते. फोंड्यातल्या आमच्या मेस्ताने, म्हणजे मेकॅनिकने, माझ्या मोटारसायकलची डिपस्टिक, म्हणजे इंजिनातलं तेल मोजायची पट्टी, बाहेर काढली, तेलाचा थेंब अंगठा आणि तर्जनीत चोळला, नाकाशी नेला आणि वैद्याने नाडी सोडावी तशी पट्टी सोडली.

"पात्रांव, तेलाचा दम संपलाय यातल्या. मिनरल घालू की सिंथेटिक?"

एक साडेतीनशेला, दुसरं साडेसातशेला. चार माणसं उभी होती, त्यामुळे 'मला कळत नाही' म्हणायची सोय नव्हती. "विचार करून सांगतो," म्हटलं आणि घरी आलो.

घरी विषय काढला ही पहिली चूक. आईचं म्हणणं, मिनरल पाणी महाग मिळतं, मग मिनरल तेल स्वस्त कसं? त्यात भेसळ असणार. बायकोने साड्यांचा दाखला दिला. सिंथेटिक साडी कामवालीलाही देववत नाही आणि तुम्ही ते दुप्पट पैसे मोजून गाडीत ओतणार? वर, खोबरेल मात्र घाण्यावरचंच हवं म्हणून हट्ट धरणारा माणूस गाडीला कारखान्यातलं तेल पाजतो, हेही तिने ऐकवलं. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

मग मी अभ्यासाला बसलो. मिनरल म्हणजे जमिनीतून निघालेलं खनिज तेल गाळून, शुद्ध करून केलेलं. त्यात लहानमोठे, वेडेवाकडे सगळ्या जातींचे रेणू असतात, थोडं मेणही राहतं. सिंथेटिकचे रेणू कारखान्यात साच्यातून काढल्यासारखे एकसारखे. म्हणून ते थंडीत घट्ट होत नाही, उष्णतेत लवकर करपत नाही, कमी उडून जातं आणि जास्त किलोमीटर टिकतं. थंडीत घट्ट होणं काय असतं हे गोव्यातल्या माणसाला वेगळं शिकवायला नको. पौषात आमच्या मोरीतली खोबरेलाची बाटली पांढरीफटक होते आणि आई ती उन्हात ठेवते. इंजिनाला उन्हात ठेवता येत नाही, एवढाच फरक. सकाळी पहिली किक मारल्यावर तेल वरपर्यंत पोचेतोवर जी झीज होते, तीच सगळ्यात वाईट म्हणतात.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं. पण डब्यावर '१०डब्ल्यू-३०' लिहिलेलं असतं. यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. दहाचं तेल उणे २५ अंशांवर तपासतात, पाचचं उणे ३० वर. दुसरा आकडा शंभर अंश तापल्यावर ते किती दाट राहतं त्याचा. फोंड्याजवळच्या फर्मागुडीला पारा विसाच्या खाली उतरला की आम्ही कानटोप्या शोधतो. उणे ३० आलंच तर गाडीची किक मारायला कोण उरेल? पण तरीही मी सिंथेटिकच्या बाजूला झुकलो. माणूस वाचायला लागला की महाग गोष्टीकडेच झुकतो. आणि मुळात सिंथेटिक कशाला म्हणायचं यावरून अमेरिकेत दोन तेल कंपन्या भांडल्या होत्या. खनिज तेलावरच प्रक्रिया करून रेणू बदलले तर ते सिंथेटिक का? १९९९ साली जाहिरातींचे तंटे सोडवणाऱ्या संस्थेने 'म्हणायला हरकत नाही' असा कौल दिला. म्हणजे आमच्या घरचा वाद अगदीच गावंढळ नव्हता.

अशात पुण्याहून मेहुणा आला. मोटारीच्या डिकीतून त्याने डबा काढला. "भावजी, माझ्या गाडीचं उरलंय. फुल्ली सिंथेटिक, ५डब्ल्यू-३०. घ्या, मजा करा." साडेसातशेचं तेल फुकट! रविवारी मी पाना घेऊन बसलो, बायकोच्या कपड्यांच्या टबात जुनं तेल काढलं (ती हकीकत स्वतंत्र लेखाची आहे) आणि नवं सोनेरी तेल ओतलं.

दोन दिवस गाडी लोण्यावरून चालली. तिसऱ्या दिवशी पणजीला निघालो आणि फर्मागुडीचा चढ लागला. मी ॲक्सिलरेटर पिळला. इंजिन असं गरजलं की बाजूच्या झाडावरचे कावळे उडाले. गाडी मात्र जागची हलेना. म्हणजे हलत होती, पण रस्त्याकडेने सायकल हातात धरून चढणारा पोदेर, म्हणजे पाववाला, माझ्या बरोबरीने चालत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. पुढच्या वळणावर तो मला मागे टाकून गेला आणि वर, पोंय पोंय वाजवून गेला.

मेस्ताने एकच प्रश्न केला, "हांतूंत कितें घातलां?" यात काय घातलंय?

मी डब्याचा मान राखून उत्तर दिलं. त्याने कपाळाला तेलकट हात लावला. मोटारीचा क्लच बहुधा कोरडा असतो, इंजिनच्या तेलाशी त्याचा संबंध नाही. मोटारसायकलच्या क्लचप्लेटी मात्र त्याच तेलात बुडालेल्या, गिअरही त्यातच. पेट्रोल वाचावं म्हणून मोटारीच्या तेलात बऱ्याचदा जास्तीचा निसरडेपणा घालतात. तो प्लेटींना लागला की त्या एकमेकींना धरतच नाहीत आणि इंजिनाचा जोर चाकापर्यंत पोचत नाही. म्हणून मोटारसायकलच्या डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' ही जपानी मानकाची अक्षरं बघायची. गिअर नसलेल्या स्कूटरचा क्लच तेलाबाहेर, त्यामुळे तिला 'एमबी' चालतं.

"मग मिनरल की सिंथेटिक?" मी विचारलं.

"मॅन्युअलात काय लिहिलंय?"

मॅन्युअल सीटखाली होतं. प्लॅस्टिकची पिशवी अजून फोडलेली नव्हती.

प्लेटी वाचल्या. तेल काढावं लागलं, तीन दिवस वापरलेलं, अजून सोनेरीच. टाकवेना म्हणून घरी आणलं, तर शेजारच्या काकांनी दोन बोटं बुडवून पाहिलं आणि फाटकाला मागून घेतलं. त्यांचं फाटक वीस वर्षं करकरायचं. तो आवाज आला की आम्हाला दिवाणखान्यातला दिवा घालवून आत पळायला पुरेसा वेळ मिळायचा.

परवा संध्याकाळी मान वर केली तर काका समोर खुर्चीत बसलेले. फाटक उघडलेलं कळलंच नाही. आता ते उणे ३० अंशांतही करकरणार नाही.