पुढच्याने ओरडलंच पाहिजे

जळगावच्या आमच्या सायकल ग्रुपवर आठवडाभर एकच वाद चालू आहे. रविवारच्या राइडला पुढच्याने ऐनवेळी खड्डा चुकवला, मागच्याला तो दिसलाच नाही. तो पडला आणि गळ्याजवळचं हाड मोडून घरी बसला. मग एकाने सुचवलं की पुढे असेल त्याने खड्डा, गाडी, कुत्रं दिसलं की मोठ्याने सांगायचं, आणि हा नियम सगळ्यांना लागू करायचा. लगेच दोन तट पडले. काहींचं म्हणणं, आपल्याकडे पावलापावलावर खड्डे, ओरडून घसा बसेल, आधी रस्ते नीट करायला लावा. बाकीचे म्हणतात, हे परदेशी खूळ आहे, ज्याने त्याने आपले डोळे उघडे ठेवावेत. "तुमचं काय भो, तुमच्याकडे गुळगुळीत रस्ते," असं मलाही ऐकावं लागलं.

रस्ते गुळगुळीत आहेत, खरं आहे. मी नेदरलँड्समध्ये आइंडहोवनजवळ राहतो. इथे एका मोठ्या चौकावर २०१२पासून सायकलींसाठी लोखंडी दोरांवर टांगलेला गोल पूल आहे, मोटारी त्याच्या खालून जातात. पण हे सुख कुणी आयतं दिलेलं नाही. १९७१ साली या एवढ्याशा देशात रस्त्यांवर ३,०००हून जास्त माणसं मेली, त्यात ४००हून जास्त लहान मुलं होती. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले, 'बालहत्या थांबवा' म्हणून चळवळ उभी राहिली आणि हळूहळू रस्ते बदलले. म्हणून रस्त्यांसाठी भांडायलाच हवं, त्यात दुमत नाही.

पण ज्यांना असे रस्ते मिळाले ते लोकसुद्धा राइडला निघाले की ओरडतात. मोटारी शिरू नयेत म्हणून सायकलमार्गाच्या तोंडाशी खांब रोवलेले असतात. पहिला माणूस "पाल्चे!" म्हणजे खांब, असं ओरडतो आणि प्रत्येक जण तो शब्द मागे पोचवतो. समोरून कुणी आलं, मागून कुणी आलं, अशा प्रत्येक गोष्टीला ठरलेला एकेक शब्द आहे. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. सत्तरीचे आजोबाही ओरडतात.

'डोळे उघडे ठेवा' म्हणणाऱ्यांनी एक साधा हिशेब करावा. ताशी २७ किलोमीटरने सायकल सेकंदाला साडेसात मीटर जाते. पुढच्याच्या चाकामागे मीटरभर अंतर ठेवून चालवत असाल, तर खड्डा त्याच्या चाकाखालून निघून तुमच्या चाकाखाली यायला अर्धा सेकंदही लागत नाही. तेवढ्या वेळात बघायचं, ठरवायचं आणि वळायचं? डोळे उघडे असतातच, पण समोर दिसते ती पुढच्याची पाठ. रस्ता फक्त पहिल्याला दिसतो. हेल्मेट ज्याचं त्याने घालायचं, पण मागच्यांना रस्ता दाखवणं हे पहिल्याच्याच हातात आहे. हे काम नको असेल त्याने पुढे राहू नये.

खड्डे जास्त आहेत म्हणून सांगायचं नाही, हे तर मला अजिबात पटत नाही. प्रत्येक खड्डा सांगू नका. रस्ता सरसकट उखडलेला असेल तर वेग कमी करा, अंतर वाढवा, एकदाच "रस्ता खराब" म्हणा. ओरडायचं ते अचानक येणाऱ्या गोष्टींसाठी. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. त्यामुळे डांबर वरून धड दिसतं पण मध्येच खचलेलं असतं. पावसाळ्यात शेतातून निघालेले ट्रॅक्टर त्याच मातीचा चिखल डांबरावर आणतात, त्यावरून चाक सरकतं. गावाच्या वेशीवरचे पट्टे न मारलेले गतिरोधक, रस्त्यावर वाळत घातलेला मका, कापसाने दोन्ही बाजूंनी फुगलेली आणि मागे लाल दिवा नसलेली ट्रॉली, उलट्या बाजूने येणारी मोटारसायकल. यावल-रावेरच्या वाटेवर हे सगळं एका सकाळीत भेटतं. डचांना यातलं निम्मंही भेटत नाही, तरी ते ओरडतात.

शब्द छोटे आणि आधी ठरलेले हवेत. खड्डा, माती, ब्रेकर, मागे गाडी, समोर गाडी, थांब. हाताची खूणही चालते, पण उखडलेल्या रस्त्यावर हँडल सोडून खूण करू नका, तिथे तोंडच बरं. ट्रकच्या आवाजात मात्र तोंडाचा उपयोग नाही, तिथे रस्ता सपाट असेल तर हात दाखवा. समोरून वारा असला की पुढच्याचं मागे ऐकू येतं, मागच्याचं पुढे जात नाही. म्हणून मागून आलेला शब्द मधल्या प्रत्येकाने पुन्हा उच्चारायचा. कानात इयरफोन घालणाऱ्याला मी ग्रुपमध्ये घेणार नाही.

एक शब्द मात्र कधीच नको: चौकात "मोकळं आहे, चला". दोघा-दोघांच्या रांगेत वीस जण असले तर रांग तीसेक मीटर होते, शेवटची जोडी चौकात पोचायला जवळपास चार सेकंद जातात. तेवढ्यात ताशी ६० किलोमीटरची मोटारसायकल ६५ मीटरहून जास्त अंतर कापून येते. पहिल्याला मोकळं होतं म्हणून शेवटच्याला मोकळं नसतं. गाडी दिसली तर "गाडी" म्हणा, नाही दिसली तर गप्प राहा, आणि प्रत्येकाने स्वतः मान वळवून बघा.

आणखी एक. आपल्याकडे नवखा किंवा दमलेला आपोआप शेवटी पडतो आणि बाकीचे पुढे निघून जातात. पण मागून येणारा केळीचा ट्रक सगळ्यात आधी कळतो तो शेवटच्यालाच, आणि तोच जर धापा टाकत असेल तर "मागे गाडी" कोण म्हणणार? नवख्याला मधे घ्या. शेवटची जागा ग्रुपमधल्या सगळ्यात अनुभवी माणसाला द्या, आणि कोण ते येत्या रविवारी निघायच्या आधीच ठरवा.