पपनस, ग्रेपफ्रूट यांना सरसकट निर्धोक धरू नका

‘लिंबूवर्गीय फळांचा कोणताही अर्क ज्येष्ठांना निर्धोक’ हे लिंबूवर्गीय अर्कांवरच्या तुमच्या लेखातलं वाक्य कृपया दुरुस्त करा. ग्रेपफ्रूट आणि पपनस यांतली फ्युरानोकुमारिन नावाची द्रव्यं आतड्यातलं सीवायपी३ए४ हे औषधं मोडणारं विकर (एन्झाइम) निकामी करतात. मग सिम्वास्टॅटिन (कोलेस्टेरॉलचं औषध) किंवा फेलोडिपिनची (रक्तदाबाचं औषध) नेहमीचीच गोळी रक्तात जास्त उतरते. स्नायू दुखतात, रक्तदाब नको इतका खाली येतो. रस सकाळी, गोळी रात्री, असं करूनही भागत नाही, कारण परिणाम २४ तासांहून जास्त टिकतो.

मोसंबी-संत्र्याची ही अडचण सहसा नाही. फक्त रस गाळू नका आणि फोडीवरचे पांढरे धागे ओरबाडून टाकू नका, हेस्पेरिडिन हे या फळांतलं बायोफ्लेव्होनॉइड (वनस्पतीतलं एक द्रव्य) त्या धाग्यांतच जास्त असतं. आणि अर्काच्या डबीवर नुसतं ‘सिट्रस बायोफ्लेव्होनॉइड्स’ छापलं असेल, तर फळ कोणतं ते कळल्याशिवाय आजी-आजोबांना देऊच नका.