फुटक्या बादलीवरून झालेलं भांडण

जुलैचा पाऊस नुकताच थांबला होता. नागपुरातल्या बेझनबागच्या मैदानात चिखल आणि त्या चिखलात पंधरा-वीस पोट्टे. फाऊल होता की नव्हता यावरून दोघं एकमेकांच्या अंगावर धावले, कॉलरी धरल्या, आया-बहिणींचा उद्धार झाला. पाच मिनिटांनी तेच दोघं एका बाटलीतून पाणी पीत होते.

"पाहा," गोली म्हणाला. "याले म्हणते फुटबॉल. माणसं जोडते."

"बाटली एकच होती म्हणून प्याले," वकील म्हणाला.

इथून सुरू झालं. गोली म्हणजे आमचा रेल्वेतला मित्र. कधीकाळी गोलमध्ये उभा राहायचा, त्यामुळे नाव पडलं ते पडलंच. वकील खरंच वकील आहे. कोर्टात बोलायला मिळत नसावं, सगळी कसर तो टपरीवर काढतो. भाईजान कामठीचे, साड्यांचं दुकान बंद करून परत जाताना आमच्याकडे एक चहा ठरलेला. मॅडम बँकेतल्या. आणि मी, लिहून काढणारा.

"मी काय म्हणतो," वकिलानं कप खाली ठेवला, म्हणजे आता दहा मिनिटं गेली. "तुमच्या नागपूरच्या लीगमधले क्लब घ्या. यंग मुस्लिम. नाव घेतलं की मोहल्ला समजते. इकडे मोहननगरवाले, तिकडे कामठीवाले. ज्याची-त्याची वस्ती, ज्याचा-त्याचा क्लब. याच्यात जोडलं काय बे? कलकत्त्यात तं अजून भारी. ईस्ट बंगाल न मोहन बागान. १६ ऑगस्ट १९८० ले ईडन गार्डनवर मॅचमध्ये दंगा झाला, चेंगराचेंगरीत सोळा जणं मेले. मॅच पाहाले गेलेले लोकं. जोडते म्हणे."

गोली गप्प झाला. त्याला हे माहीत होतं, पण असं तारखेसकट तोंडावर कोणी मारलं की माणूस गप्पच होतो.

उत्तर भाईजानकडून आलं. "वकीलसाब, नाम पे मत जाओ. आमच्या रब्बानी क्लबची मॅच पाह्यली का कधी? कामठीची छावणी १८२१ ची. गोरे गेले, बॉल राहिला. आमच्या मोहल्ल्यात ज्याच्या घरी माग होता त्याचं पोरगं पण खेळे, ज्याच्या घरी काहीच नव्हतं त्याचं पण. पण टीम बांधाची असली न, तं क्लबवाला मोहल्ला नाही पाहात. स्टॉपर कमी आहे? इंदोऱ्यातून आणा. लेफ्ट विंगर पाह्यजे? मोहननगरातून उचला. जीतना है तो लेना पडता है. मी सांगतो तुम्हाले, माझ्या अब्बाच्या ताटात जेवलेला पहिला बाहेरचा माणूस हा फॉरवर्ड होता."

"कोणता?" मी विचारलं.

"नाव काहाले पाह्यजे? पाय चांगला होता त्याचा."

हे मला पटलं, आणि खरं तर तिथेच खटकलंही. पाय चांगला होता. मी म्हटलं, "भाईजान, नसता तर?"

कारण माझा मुद्दा हाच होता आणि अजूनही आहे. जिंकायची भूक माणसाला जातधर्म विसरायला लावते हे खरं, पण कोणाच्या बाबतीत? जो गोल मारतो त्याच्या. चांगलं खेळणाऱ्याची जात कोणी काढत नाही. पेनल्टी चुकली की लगेच निघते. ११ जुलै २०२१ ला लंडनच्या वेम्बलीवर युरो कपची फायनल झाली. इंग्लंड इटलीविरुद्ध टाय-ब्रेकरमध्ये हरलं. रॅशफर्ड, सँचो, साका या तिघांच्या पेनल्टी हुकल्या. तिघंही काळे. साका तर एकोणीस वर्षांचा. महिनाभर ज्यांच्या नावानं पबमध्ये ग्लास वाजत होते, त्यांच्या फोनवर त्याच रात्री माकडांची चित्रं येऊन पडली. म्हणजे महिनाभर ते इंग्लंडचे होते, आणि एका किकमध्ये बाहेरचे झाले.

"हे घ्या," वकील खूश. त्याला वाटलं मी त्याच्या बाजूनं बोललो. मी नव्हतो बोललो, पण कट्ट्यावर बाजू कोणाची हे आपण ठरवत नाही.

वरून मेट्रो गेली. तेवढा वेळ सगळे थांबले. मग मॅडम बोलल्या. त्या एरवी चर्चेत फार पडत नाहीत, बिस्किट बुडवत ऐकतात.

"तुम्ही सगळे टीममध्ये कोण घेतलं यावर बोलून राह्यले. मैदानावरच कोणाला येऊ दिलं, ते?" त्या आठवीपर्यंत शाळेत मुलांबरोबर खेळायच्या. राइट बॅक. नववीत पी.टी.च्या सरांनी सांगितलं, आता तू थ्रोबॉल खेळ. कारण काही नाही. "घरी सांगितलं तं आई म्हणे, बरं झालं, गुडघे फुटाचे वाचले. माझ्या टीममधल्या एका पण पोट्ट्यानं विचारलं नाही की ही काऊन येत नाही. पुढच्या मॅचले दुसरा राइट बॅक होता. इतकंच."

कोणी काही बोललं नाही. गोलीनं उगाच चहा ढवळला, साखर नसताना.

"आणि हे नागपुरातच झालं असंही नाही," मॅडम म्हणाल्या. "इंग्लंडमध्ये १९२० च्या डिसेंबरमध्ये बायकांच्या मॅचला त्रेपन्न हजार लोक आले होते, लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर. कारखान्यातल्या बायका होत्या, डिक-कर नावाच्या कंपनीतल्या. एक वर्षानं, १९२१ ला, तिथल्या फुटबॉल असोसिएशननं ठराव केला की हा खेळ बायकांना योग्य नाही, क्लबांनी त्यांना मैदान देऊ नये. जवळपास पन्नास वर्षं ते तसंच चाललं. लोकं येत होते, पैसा येत होता, तरी बंद. बॉल जोडत असता तं तेव्हाच जोडला असता न?"

"मंग काय," वकील म्हणाला, "केस डिसमिस."

"थांब न बे," गोली एकदम उसळला. "तुले बादली माहीत आहे न? बादली?"

बादलीची गोष्ट नागपुरात इतक्यांदा सांगितली गेली आहे, की बादलीचा रंगही माणसागणिक बदलतो, आणि 'झुंड' सिनेमा आल्यापासून तर प्रत्येकजण तिथे हजर होता. पण मूळ गोष्ट खरी आहे. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडा शिक्षक विजय बारसे यांनी भर पावसात झोपडपट्टीतली पोरं फुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना पाहिली. त्यांना फुटबॉल दिला. त्यातून २००१ मध्ये झोपडपट्टी फुटबॉल सुरू झालं, जे पुढे स्लम सॉकर नावानं जगभर गेलं.

"मी कॉलेजात होतो तेव्हा," गोली म्हणाला. "आम्ही हसलो होतो, खोटं नाही बोलत. झोपडपट्टी फुटबॉल! आम्ही बूटवाले, जर्सीवाले. ते बिना चपलेचे. आणि मंग त्यातलेच पोट्टे होमलेस वर्ल्ड कपले, म्हणजे बेघरांच्या वर्ल्ड कपले गेले, विमानात बसून. मी अजून विमानात बसलो नाही बे. २०१६ ले फिफानं त्यांना डायव्हर्सिटी अवॉर्ड दिला. नागपूरच्या संस्थेले, फिफानं."

"अवॉर्डनं वस्तीतला नळ येत नाही," वकील.

"नळ फुटबॉलनं आणाचा असं कोण म्हणलं? कॉर्पोरेशन कशाले आहे मंग?"

इथे पाच मिनिटं कॉर्पोरेशनवर गेली. ती गाळतो.

परत गाडी मॅडमनीच रुळावर आणली. त्यांचं म्हणणं असं, की बादलीच्या गोष्टीत सगळे बॉलकडे बघतात, पण खरी गोष्ट नियमांची आहे. होमलेस वर्ल्ड कप २००३ ला ऑस्ट्रियात ग्राझला सुरू झाला. त्यात एका बाजूला चार जण, त्यातला एक गोली, आणि सात-सात मिनिटांचे दोन हाफ. मैदान आपल्या बास्केटबॉलच्या कोर्टाहून लहान. म्हणजे अकरा माणसं, अकरा जोड बूट आणि एक एकर गवत नसेल तरी टीम होते. कोणीतरी बसून विचार केला, म्हणून तसं झालं.

"आणि तीन हाफवाला खेळ ऐकला का?" त्यांनी विचारलं.

"तीन हाफ? गणित तरी येते का त्याइले," वकील.

मग त्यांनी सांगितलं ते मला नवीन होतं. कोलंबियाचा आंद्रेस एस्कोबार, ज्याच्याकडून १९९४ च्या वर्ल्ड कपमध्ये स्वतःच्याच गोलमध्ये बॉल गेला. घरी परतल्यावर, २ जुलैला, मेडेयीन शहरात त्याला गोळ्या घातल्या. त्यानंतर त्याच शहरात वस्त्यांमधल्या टोळ्यांच्या पोरांना घेऊन एक खेळ सुरू झाला. मुलं-मुली एका टीममध्ये. रेफरी नाही. पहिला गोल मुलीनंच मारायचा, त्याशिवाय मुलाचा गोल धरत नाहीत. पहिल्या हाफमध्ये बसून नियम ठरवायचे, दुसऱ्यात खेळायचं, तिसऱ्यात परत बसायचं आणि कोण खरं खेळलं, कोण खोटं, हे बोलून गुण वाटायचे. जगभरातल्या वस्त्यांमध्ये आता हे खेळतात, आपल्या स्लम सॉकरवाल्यांनीही ते घेतलं.

"पहिला गोल पोट्टीनं," गोली विचारात पडला. "म्हणजे पास द्यावाच लागन."

"हौ," मॅडम म्हणाल्या. "मन मोठं असो की नसो. पास द्यावाच लागते."

वकिलाला हे सहन होईना. "बिना रेफरीचा फुटबॉल? नागपुरात? इथं कॅरममध्ये सोंगटीवरून डोकी फुटते. तुम्ही म्हणता बसून बोला. ते पोट्टे पाह्यले न आता, कॉलर धरून होते?"

"ते सोडवाले कोण गेलं होतं?" भाईजाननी शांतपणे विचारलं.

आम्ही आठवलं. कोणीच नाही. आम्ही चौघं-पाच जण इथे बसून बघत होतो. मैदानात मोठं माणूस नव्हतं, शिट्टी नव्हती. बारक्या एकानं बॉल काखेत धरला आणि सांगितलं की भांडण मिटल्याशिवाय देत नाही. मिटलं. फाऊल कोणाला मिळाला ते आम्हाला इथून दिसलं नाही.

"बॉल त्याचा होता म्हणून," वकील म्हणाला, पण आवाज खाली आला होता.

"असन," मी म्हटलं. "पण मैदान कोणाचं होतं?"

हा माझा जुना राग आहे, तो इथे ओकून घेतला. टर्फ नावाचा प्रकार आलाय. जाळी, लाइट, हिरवा गालिचा आणि तासाचा रेट. खेळायला झकास आहे, मीही गेलोय. पण तिथे बादलीवालं पोरगं जाळीच्या बाहेर उभं राहून बॉल आणून देतं, आत येत नाही. आणि जी मोकळी मैदानं उरलीत, तिथे कधी सभा, कधी लग्नाचा मांडव, कधी सेलचा तंबू. मांडव उठतो, खड्डे राहतात. खड्ड्यात पाय मुरगळून खेळ सोडलेले दोन जण तर मीच ओळखतो. एकत्र येण्याच्या गप्पा कुठेही मारता येतात, पण एकत्र यायला शंभर पावलं मोकळी जमीन लागते, फुकट.

"हे बरोबर," वकील म्हणाला. पहिल्यांदाच. मग लगेच, सवयीनं, "पण कायद्यानं पाह्यलं तं..."

"कायदा राहू दे," गोली उठला. "रविवारी सकाळी सात. इथंच. तीन हाफवालं खेळू. ते पोट्टे, आपण, मॅडमच्या बँकेतल्या पोरी. भाईजान, कामठीचे दोघं-चौघं आणा."

"सात बजे? फजरच्या बाद सीधा येतो."

"माझ्या पायात बूट जाईल का शंका आहे," मॅडम म्हणाल्या, आणि मोबाइलवर कोणाला तरी मेसेज टाकायला लागल्या.

अंधार पडला होता. मैदानात बॉल दिसत नव्हता, नुसता चिखलात पाय आपटल्याचा आवाज येत होता. वकिलानं पैसे दिले, ही नोंद करण्यासारखी गोष्ट. मग गाडीला किक मारता मारता म्हणाला, "येतो मी. पण बॅकला नाही खेळणार, सांगून ठेवतो. फॉरवर्ड."

"ते पहिल्या हाफमध्ये ठरवू," मॅडम म्हणाल्या.