लॅमोट्रिजिनचा डोस हळूहळूच का वाढवतात : खुलासा

सोलापुरातल्या दोन-तीन ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : बायपोलरमधल्या (मूड कधी खूप चढतो, कधी खूप खचतो त्या आजारातल्या) डिप्रेशनसाठी लॅमोट्रिजिन ही गोळी दिली असेल तर 25 ची गोळी म्हणजे नुसता वेळकाढूपणा, थेट 100 ची घ्या. हे चूक आहे आणि जिवावर बेतू शकतं. माझं मेडिकल दुकान आहे. परवा एक काका हाच मेसेज दाखवून 100 ची पट्टी मागत होते, चिठ्ठीवर मात्र स्पष्ट 25 लिहिलेलं. मी दिली नाही.

मोठ्या माणसांना ही गोळी सहसा रोज 25 मिलिग्रॅमने सुरू होते. दोन आठवडे तेवढीच, पुढचे दोन आठवडे 50, मग थोडी थोडी वाढ. सोबत व्हॅल्प्रोएट हे दुसरं औषध चालू असेल तर साधारण याच्या निम्म्यानेच. घाईने वाढवली तर गंभीर पुरळ उठण्याचा धोका वाढतो : कातडी सोलवटते, तोंडात फोड येतात. माहितीपत्रकातही हा इशारा असतो. पुरळ दिसलं की त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पाच-सहा दिवस गोळी चुकली तर परस्पर जुन्या डोसवर जाऊ नका, बहुतेक वेळा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. बरं वाटलं म्हणून एकदम बंदही करू नका.



गोळी लागू पडेपर्यंतचे आठवडे फार जड जातात, हे मला दिसतं. मन खचलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन करा, मराठीत बोलता येतं. तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.