दिनविशेष टाकू इच्छिणाऱ्यांना काही प्रेमळ सूचना

पहाटे साडेपाचच्या आत टाकायचा, ही पहिली अट. इंदुरातल्या कुठल्याही मराठी ग्रुपवर तोवर तीन जण ‘आजचा दिनविशेष’ टाकून मोकळे झालेले असतात. सहाला टाकलात तर तुम्ही चौथे, आणि चौथ्याला कुणी हात जोडत नाही. त्यामुळे टाकण्याआधी वाचत बसू नका. वाचलं की शंका येते, शंका आली की शोधाशोध करावी लागते, आणि तेवढ्यात सुदामा नगरातले कुणी काका बाजी मारून जातात.

लांबी निदान चाळीस ओळींची हवी. घटना, जन्म, मृत्यू, जागतिक दिवस, राशी, सुविचार, आणि तळाशी ‘संकलन’ म्हणून तुमचं नाव. मूळ संकलकाचं नाव पुसायला विसरू नका.

पुण्यतिथीला ‘हार्दिक शुभेच्छा’ द्या.

फोटोची फार चिकित्सा नको. डोक्यावर पदर असला की अहिल्याबाई, पगडी असली की टिळक, दाढी पांढरी असली की टागोर.

जागतिक दिवसांचा साठा भरपूर ठेवा, कारण इतिहास आटला की तेच कामाला येतात. इथे एक भानगड आहे, तिच्याकडे दुर्लक्ष करा. काही दिवस संयुक्त राष्ट्रांनी रीतसर ठराव करून ठरवलेले असतात. १० फेब्रुवारी डाळींचा, ३० मे बटाट्याचा, १९ नोव्हेंबर शौचालयाचा. थट्टा वाटते, पण हे खरे आहेत. चहाचा दिवस आधी १५ डिसेंबरला पाळत, आता संयुक्त राष्ट्रांचा २१ मे आहे. तुम्ही दोन्ही टाका, चहा काही कमी पडत नाही. आपला ७ जूनचा विश्व पोहा दिवस मात्र त्या यादीत नाही. तो कुणी जाहीर केला हे विचारू नये. छप्पन दुकान या खाऊगल्लीत उभं राहून हा प्रश्न विचारणाऱ्याला जिलेबी मिळत नाही. आणि ३१ मे ला अहिल्याबाईंची जयंती आणि जागतिक तंबाखूविरोधी दिन एकाच फुलांच्या चौकटीत बसवायला विसरू नका.

१४ फेब्रुवारीला भगतसिंगांना फाशी झाली, हे दर वर्षी न चुकता टाका. शिक्षा सुनावली ७ ऑक्टोबर १९३० ला, फाशी दिली लाहोरला २३ मार्च १९३१ ला. फेब्रुवारीचा यात काही संबंध नाही. पण गुलाबांचा निषेध करायला काहीतरी हाताशी लागतं ना. पुढे सव्वा महिन्याने, २३ मार्चला, तोच फोटो तुम्ही पुन्हा टाकता आणि मधल्या काळात तुम्हाला काहीही खटकत नाही, ही तर साधनाच म्हणायची.

‘या महिन्यात पाच शुक्रवार, पाच शनिवार, पाच रविवार! हा योग ८२३ वर्षांनी!’ हे हुकमी पान. ३१ दिवसांचा कुठलाही महिना शुक्रवारी सुरू झाला की हा योग येतो. ऑगस्ट २०२५ ला आला, मे २०२६ ला आहे, २०२७ मध्ये तर जानेवारीतही आहे आणि ऑक्टोबरातही. ८२३ वर्षांच्या मानाने जरा घाईच म्हणायची. फेब्रुवारीत प्रत्येक वार चार वेळा येणं हाही असाच ‘दुर्मिळ’ योग. तो २८ दिवसांच्या प्रत्येक फेब्रुवारीत येतो, कारण सात चोक अठ्ठावीस.

सालं मात्र पोह्यांवर जिरावन मसाला भुरभुरतात तशी भुरभुरा, मोजून मापून नको. शकात ७८ मिळवले की इसवी सन, एवढं शाळेत ऐकलं होतं, तेवढ्यावर आयुष्य काढा. मग पौष शुद्ध अष्टमी शके १६८२ मध्ये ७८ मिळवून पानिपत १७६० ला होतं, आणि फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१ मध्ये मिळवून शिवाजी महाराज १६२९ ला जन्मतात. शक चैत्रात बदलतो आणि इंग्रजी साल जानेवारीत, म्हणून १ जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंतच्या तिथींना ७९ मिळवायचे असतात. पण हे कळलं तर पोस्टला उशीर होईल.

पानिपताच्या पोस्टवर ‘ऐन संक्रांतीला मराठ्यांवर संक्रांत कोसळली’ ही कोटी करायलाच हवी. १४ जानेवारी १७६१, बुधवार. तारीख बरोबर आहे. फक्त त्या काळी संक्रांत १४ ला येत नव्हती, तीन-चार दिवस आधी यायची. आपली संक्रांत सूर्याच्या निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेल्या, मकर प्रवेशावर ठरते, इंग्रजी वर्ष ऋतूंवर. या फरकामुळे ती साधारण ७० वर्षांत एक दिवस पुढे सरकते. विवेकानंद जन्मले १२ जानेवारी १८६३ ला, तेव्हा संक्रांत होती. हल्ली ती बऱ्याचदा १५ ला येते, ते तुम्हाला दिसतं. पण जी पुढे सरकते ती मागे कधीतरी मागे असणारच, एवढा विचार पहाटे पाचला होत नसावा.

जुन्या तारखांचे वार टाकायचे तर मोबाइललाच विचारा. १९ फेब्रुवारी १६३० चा वार तो मंगळवार सांगेल. होता शुक्रवार. ती तारीख जुन्या ज्युलियन कॅलेंडरातली आहे आणि मोबाइल मोजतो नव्या ग्रेगोरियनने. त्याच्या हिशेबाने तो शुक्रवार १ मार्चला पडतो. राज्याभिषेकाचा ६ जून १६७४ याच चालीने १६ जून होतो. इंग्रजांनी नवं कॅलेंडर घेतलं ते सप्टेंबर १७५२ मध्ये, २ तारखेनंतर एकदम १४ तारीख मोजून. पोर्तुगिजांनी ते १५८२ लाच घेतलं होतं. म्हणून त्या मधल्या काळात एकाच दिवसाची तारीख सुरतेच्या इंग्रजी पत्रात एक आणि गोव्याच्या पोर्तुगीज पत्रात दुसरी. यात गोंधळ काहीच नाही, कुठलं कॅलेंडर ते लिहिलं की मिटलं. पण मिटवायचं कशाला? ‘इतिहासकारांनी दडवलेली खरी तारीख’ म्हणून १ मार्च टाका आणि दिवसभर भांडणं बघा.

परदेशी बाबतीत चिंताच नको. शेक्सपिअर आणि सर्व्हांटिस दोघंही २३ एप्रिल १६१६ ला एकाच दिवशी गेले, हे टाका. स्पेनचं कॅलेंडर नवं होतं, इंग्लंडचं जुनं, म्हणजे शेक्सपिअर दहा दिवसांनी गेला. आणि सर्व्हांटिस बहुधा २२ लाच.

आता तिथी. इंदुरात राहून तिथीचा दिनविशेष टाकायचा तर एक सोपी युक्ती आहे: हिंदी पंचांग उचला, ‘कृष्ण’च्या जागी ‘वद्य’ लिहा, महिना तसाच ठेवा. नुकतंच कुणीतरी हे करून दाखवलंय. सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी पहाटे पोस्ट आली: ‘आज भाद्रपद वद्य चतुर्दशी, पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांची पुण्यतिथी.’ खाली हार्दिक शुभेच्छाही होत्या. लगेच सतरा जणांचे हात जोडलेले. त्यातल्या निम्म्यांनी महिन्याभरापूर्वी अहिल्योत्सवाची, म्हणजे याच पुण्यतिथीची, पालखी पाहिली होती, त्या दिवशीची स्थानिक सुट्टीही घेतली होती! तरी कुणाला वाटलं नाही की बाई एका वर्षात दोनदा कशा गेल्या?

अहिल्याबाई गेल्या १३ ऑगस्ट १७९५ ला, महेश्वरी. तिथी श्रावण वद्य चतुर्दशी, शके १७१७. आपला महिना अमावास्येला संपतो, माळव्यातल्या हिंदी पंचांगाचा पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोघांच्या महिन्याचं नाव एकच असतं. वद्य पक्षात हिंदी महिना एकाने पुढे. म्हणून आपली श्रावण वद्य चतुर्दशी ती त्यांची भाद्रपद कृष्ण चतुर्दशी. दिवस तोच! पालखी तीच! इतकी साधी गोष्ट आहे. गोकुळाष्टमी आपली श्रावणातली, त्यांची भाद्रपदातली. महाशिवरात्र आपली माघातली, त्यांची फाल्गुनातली. ज्या रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, तुम्ही दर वर्षी भिजता, ती आपल्याकडे फाल्गुन वद्य पंचमी आणि शेजारच्या मिश्राजींकडे चैत्र कृष्ण पंचमी. शेजाऱ्यांचा श्रावण पंधरा दिवस आधी लागतो आणि पंधरा दिवस आधी संपतो, हे पिढ्यान् पिढ्या बघताय. उज्जैनला महाकालाच्या सवाऱ्या त्यांच्या श्रावणात सुरू होऊन आपला श्रावण संपेपर्यंत चालतात, तिथे दर्शनालाही जाता. घरात एका भिंतीवर कालनिर्णय आणि दुसऱ्या भिंतीवर लाला रामस्वरूपचं हिंदी पंचांग टांगलेलं आहे. दोन्हीकडे एकदा मान वळवून बघायला किती वेळ लागतो? पुण्याहून आलेली ‘आज पहिला श्रावणी सोमवार’ ही पोस्ट इथल्या हिंदी ग्रुपवर टाकता, तिथली आपल्या मराठी ग्रुपवर टाकता, आणि वर ‘तुमचं पंचांग चुकीचं’ म्हणून मिश्राजींशी वाद घालता. अहो, दोन्ही पंचांगं बरोबर आहेत. चुकताय तुम्ही.

आणि होळकरांबद्दल तरी निदान इंदूरकरांनी वाट्टेल ते लिहू नये. अहिल्याबाईंनी राज्यकारभार महेश्वरातून केला. ‘इंदूरच्या राजवाड्यातून राज्य केलं’ हे दर ३१ मे ला वाचायला मिळतं. जन्मगाव चौंडीचं नाव कधी येतच नाही. जन्मसाल १७२५, तेही तीन पोस्टमध्ये तीन तऱ्हेचं.

चूक दाखवली की काय करायचं, हेही पाठ करून ठेवा. ‘भावना महत्त्वाच्या’ असं लिहा. मग ‘मला जसं आलं तसं पुढे पाठवलं’. मग रुसून एक दिवस गप्प बसा. दुसऱ्या दिवशी पहाटे परत.

आलं तसं पाठवलं म्हणजे काय? पोस्टखाली संकलन म्हणून नाव तुमचंच आहे ना? मग जबाबदारी कुणाची? एखादी नोंद तपासायला चार गोष्टी बघाव्या लागतात. साल आहे का. १७५२ च्या आधीची इंग्रजी तारीख असेल तर जुन्या कॅलेंडरची की नव्या. तिथी असेल तर अमान्त (अमावास्येला संपणारा) महिना की पूर्णिमान्त (पौर्णिमेला संपणारा). आणि वार जुळतो का. वार जुळला नाही तर या तिन्हीपैकी काहीतरी चुकलेलं असतं, तिथे थांबायचं. चाळीस ओळींना हे होणार नाही, कबूल. मग चाळीस टाकता कशाला? एक टाका.

टाकण्यासारखं तुमच्या गावातच पडलेलं आहे. १४ नोव्हेंबर १९६७ ला सी. के. नायडू इंदुरात वारले. २५ जून १९३२ ला लॉर्ड्सवर भारताची पहिली कसोटी सुरू झाली तिचे कप्तान. होळकरांच्या संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ मध्ये चार वेळा रणजी करंडक जिंकला, तो यांच्याच हाताखाली. तुमच्या १४ नोव्हेंबरच्या पोस्टमध्ये नेहरूंचा जन्म असतो, बालदिन असतो, अमेरिकेतला लोणच्याचा दिवससुद्धा असतो. नायडू नसतात. कारण ते आयत्या यादीत येत नाहीत. ते घालायचे तर दोन ओळी स्वतः लिहाव्या लागतात, आणि तेवढंच तुमच्याच्याने होत नाही.