सतरंजी उचलणाऱ्याचं मत

इथे मिसिसागात रात्रीचे दहा वाजले की गावाकडे सकाळ झालेली असते आणि आबांचा फोन येतो. आबांनी तीस वर्षं एका पक्षाच्या सतरंज्या उचलल्या. अगदी शब्दशः. सभा संपली की घड्या घालायला लहानपणी मीही जायचो. यंदा त्यांच्या मतदारसंघात पुन्हा नेत्याच्या मुलालाच तिकीट मिळालं. मी घराणेशाहीवर बोलायला लागलो, तर म्हणाले, "तुमच्या कॅनडात पण बापानंतर पोरगाच पंतप्रधान झाला की!"

झाला, हे खरं आहे. जस्टिन ट्रुडोचा जन्म २५ डिसेंबर १९७१चा, वडील पियेर पंतप्रधान असतानाचा. तो चार महिन्यांचा होता तेव्हा ओटावात आलेल्या अमेरिकेच्या अध्यक्ष निक्सन यांनी मेजवानीत 'कॅनडाच्या भावी पंतप्रधाना'साठी पेला उंचावला होता. आईवडील १९७७ साली विभक्त झाले आणि तिन्ही मुलगे वडिलांकडे वाढले. त्या बालपणातला एक प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. आठेक वर्षांच्या जस्टिनने संसदेच्या उपाहारगृहात वडिलांच्या एका विरोधकाला पाहिलं आणि शाळेत ऐकलेला त्याच्यावरचा विनोद वडिलांना सांगितला. पियेर रागावले. मतभेद कितीही असोत, माणसाला हिणवायचं नाही, असं सांगून ते मुलाला त्या विरोधकाच्या टेबलापाशी घेऊन गेले आणि ओळख करून दिली. ऑक्टोबर २००० मध्ये माँट्रियलच्या नोत्र दाम बॅसिलिकात वडिलांच्या अंत्यविधीला जस्टिनने हा प्रसंग सांगितला. साऱ्या देशाने तो टीव्हीवर ऐकला आणि तेव्हापासूनच त्याच्या राजकारणप्रवेशाची चर्चा सुरू झाली. आडनाव त्याच्या कामी आलं, हे मी आबांपाशी कबूल केलं.

पण २००७ साली तो माँट्रियलच्या पापिनो मतदारसंघात उतरला, तिथला भाग मी आबांना पुन्हा पुन्हा सांगतो. वस्ती गरीब, स्थलांतरितांची. खासदार दुसऱ्या पक्षाच्या. लिबरल पक्षाच्या उमेदवारीसाठी त्याच्यासमोर दोघं उभे होते. त्यातल्या मेरी डेरॉस तिथल्याच, वर्षानुवर्षं नगरसेविका. पक्षाच्या स्थानिक सदस्यांनी रांगा लावून मतं दिली : ट्रुडो ६९०, डेरॉस ३५०, तिसरे २२०. मग २००८ची निवडणूक त्याने सुमारे १,२०० मतांनी जिंकली.

आबांना ६९० हा आकडा कळत नाही. "एवढ्याच लोकांनी ठरवलं?" मी म्हणतो, आपल्याकडे किती जण ठरवतात? आपल्याकडे एबी फॉर्म असतो. कोणाला सही करायचा अधिकार आहे ते एका कागदावर, पक्षाचा उमेदवार कोण ते दुसऱ्यावर. शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत तो पोचला की संपलं. २०१९ला वरळीतून आदित्य ठाकरे उभे राहिले, त्यांच्या घरातले निवडणूक लढवणारे पहिले. तेव्हाचे आमदार सुनील शिंदे यांनी जागा सोडली. २०२२ला पणजीत नेमकं उलट घडलं. मनोहर पर्रीकरांचे चिरंजीव उत्पल यांना पक्षाने तिकीट नाकारलं, ते अपक्ष लढले आणि ७१६ मतांनी हरले. एका मुलाला मिळालं, दुसऱ्याला नाही. पण वरळीच्या शाखेत किंवा पणजीतल्या कार्यकर्त्यांत मतदान घेऊन यातलं काहीच ठरलं नाही. आपण 'मुलगा लायक आहे का' यावर वर्षानुवर्षं भांडतो. तिकीट देणारा हात एकच का, हे मात्र विचारत नाही.

इथलंही सगळं चांगलं आहे असं मी म्हणणार नाही. मी स्वतः एका पक्षाच्या अशा मतदानाला शाळेच्या जिममध्ये दोन तास रांगेत उभा होतो. बसेस भरून आणलेले, कालपरवा सदस्य झालेले लोक पाहिले. उमेदवारी अर्जावर पक्षनेत्याची संमती इथेही लागते. खुली स्पर्धा करू असं सांगणाऱ्या ट्रुडोच्याच पक्षात इच्छुकांना अडवल्याच्या तक्रारी झाल्या. तरीही त्या रांगेत माझ्या पुढे एक ट्रकचालक होता, मागे एक आजीबाई होत्या आणि तिघांच्या हातात सारखीच मतपत्रिका होती. मला आबांची फार आठवण आली. तीस वर्षांत त्यांना आपला उमेदवार कोण असावा हे एकदाही कोणी विचारलं नव्हतं. जिल्ह्याच्या ठिकाणी मुलाखती व्हायच्या तेव्हा ते बाहेर गाड्या लावून घ्यायचे.

परवा हे सगळं पुन्हा सांगितल्यावर ते बराच वेळ गप्प होते. मग जस्टिनबद्दल एक शब्दही न काढता म्हणाले, "त्या हरलेल्या बाईचं पुढं काय झालं?"

मी सांगितलं, त्या पुढेही त्याच भागातून नगरसेविका म्हणून निवडून येत राहिल्या.

"आणि तिची साडेतीनशे माणसं मोजली म्हणतोस?"

"मोजली, आबा."

"बरं," म्हणाले, आणि चहा घ्यायला उठले.