मावशीच्या गोळ्या आणि ‘तालिबानला जमलं’वाला फॉरवर्ड

गेल्या महिन्यात मावशीला भेटायला सांगलीला गेले. कॅन्सर मणक्यात उतरलाय. कूस बदलायची म्हटली तरी ती उशीचा कोपरा दातांत धरते. डॉक्टरांनी दुखण्यावर मॉर्फिन लिहून दिलं होतं, दर चार तासांनी दहा मिलिग्रॅमची एक गोळी. पाकीट कपाटात साड्यांखाली पडलेलं, एकही गोळी न फोडलेलं. का, म्हणून विचारलं तर दादानं मोबाइल पुढे केला. “अगं, अफू आहे ती. हे वाच.”

तो मेसेज तुमच्याही ग्रुपवर फिरला असेल. मथळा, ‘तालिबानला जमलं, आपल्याला का नाही?’ खाली सहा मुद्दे. तालिबानने एका हुकमात अफू संपवली. अफू भारतात इंग्रजांनी आणली. मॉर्फिन म्हणजे अफूच, हॉस्पिटलवाले ती देऊन पेशंटला व्यसनी करतात आणि शेवटी संपवतात. अमेरिकेत बघा, गोळ्यांनी लाखो मेले. विकणाऱ्याला फाशी ठेवा, धंदा बंद. आणि अफू मुळासकट उपटली की व्यसनच उरणार नाही.

तिसऱ्या मुद्द्यापासून सुरू करते, कारण त्याच्यापायी माझी मावशी अकरा दिवस तळमळत पडली होती.

मॉर्फिन अफूपासून निघतं, हे खरं. दिवाळीत अनारशाला लावतो ती खसखसही त्याच बोंडातली. पण मॉर्फिन जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, आणि कॅन्सरच्या अशा दुखण्यावर त्याच्या तोडीची औषधं फार थोडी आहेत. गोळी घड्याळ लावून द्यायची, दुखायला लागायची वाट बघायची नाही. डोस थोड्यापासून सुरू करून दुखणं आटोक्यात येईपर्यंत डॉक्टर वाढवत नेतात. पहिले काही दिवस गुंगी येते, मळमळतं, मग ते ओसरतं. शौचाला मात्र घट्ट होतंच, म्हणून सोबत पोट साफ होण्याचं औषध लिहिलेलं असतं. तेही कपाटातच होतं.

शरीराला या गोळीची सवय होते, म्हणून ती मनानं एकदम बंद करायची नसते. पण याला व्यसन म्हणत नाहीत. व्यसनात माणूस गोळीपायी घरदार सोडतो. मावशीला गोळीनं जरा आराम पडला तर ती उठून बसेल, दोन घास खाईल, नातवाशी बोलेल. आणि ‘संपवतात’ म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते की डॉक्टरांच्या देखरेखीखाली, बेतानं वाढवत दिलेल्या मॉर्फिननं मरण अलीकडे येत नाही. पुष्कळदा ते अगदी शेवटी शेवटी सुरू होतं, म्हणून गोळी दिली आणि माणूस गेला असं डोळ्यांना दिसतं. माणूस आजारानं गेलेला असतो.

अमेरिकेचं वाक्य खोटं नाही, ते मान्य करावं लागतं. ऑक्सिकोंटिन हे मॉर्फिनच्याच जातीचं दुखण्यावरचं औषध १९९६ साली बाजारात आलं, व्यसनाचा धोका कमी आहे असं सांगून खपवलं गेलं, आणि २०२० साली ते बनवणाऱ्या पर्ड्यू फार्मा या कंपनीनं न्यायालयात फौजदारी गुन्हे कबूल केले. तिथे कंबरदुखीलाही महिनोन्महिने या गोळ्या लिहून दिल्या. पण तिथला धडा सांगलीतल्या मणक्याच्या कॅन्सरला कसा लावता? आपल्याकडे नेमकं उलटं झालंय.

१९८५ साली अमली पदार्थ रोखणारा एनडीपीएस कायदा आला. किमान दहा वर्षांची सक्तमजुरी. मॉर्फिन ठेवायचं तर वेगवेगळ्या खात्यांचे चार-पाच परवाने; एक हातात येईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपायची. हॉस्पिटलांनी आणि औषधवाल्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. पुढच्या बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर ९७ टक्क्यांनी घसरला. १९९७ साली सगळ्या भारतात मिळून १८ किलो. मी कागदावर हिशोब केला: मावशीसारख्या पेशंटला दिवसाला ६० मिलिग्रॅम धरले, तर १८ किलो वर्षभर साधारण ८२० जणांना पुरेल. अख्ख्या देशात. त्याच काळात नीमच, मंदसौर, चित्तोडगडचे शेतकरी सरकारी परवान्यावर बोंडांना चिरा पाडून चीक गोळा करत होते, सरकार तो विकत घेत होतं आणि परदेशी औषध कंपन्यांना निर्यातही करत होतं. केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं मागे लागले, तेव्हा कुठे २०१४ साली कायदा बदलून परवान्यांची कटकट कमी झाली. तरी आजही कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये ही गोळी मिळत नाही. दादानं स्वतः त्या पाकिटासाठी हॉस्पिटलच्या फार्मसीत दोन खेपा घातल्या होत्या. इतक्या मुश्किलीनं मिळालेली गोळी एका फॉरवर्डपायी साड्यांखाली जाते, याचा मला संताप येतो.

आता तालिबान. एप्रिल २०२२ मध्ये बंदी आली आणि संयुक्त राष्ट्रांच्या पाहणीनुसार २०२३ साली अफूचं क्षेत्र २,३३,००० हेक्टरवरून १०,८०० वर आलं. ९५ टक्के घट. नाइलाजानं का होईना, मानते. पण मेसेज इथेच थांबतो, पुढचं सांगत नाही. शेतकऱ्यांचं अफूचं उत्पन्न १३६ कोटी डॉलरवरून ११ कोटींवर आलं. ज्यांच्याकडे जुना साठा होता त्यांची चांदी झाली, कारण भाव कित्येक पटींनी चढले. अफूच्या उत्पादनात म्यानमार पहिल्या क्रमांकावर गेला. याला संपणं म्हणतात? याच तालिबाननं २००० सालीही बंदी घातली होती. एक हंगाम पीक जवळजवळ नव्हतं, मग पुन्हा उगवलं.

‘मुळासकट उपटली की व्यसन उरणार नाही’ याचं उत्तर तर १९७६ सालीच मिळालंय. जोसेफ वेस्टरमायर या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञानं हाँगकाँग, थायलंड आणि लाओस इथल्या अफूबंदीनंतर काय झालं ते तपासलं. तिन्हीकडे थोड्याच वर्षांत अफूहून जहाल हेरॉइन आलं. अफूचा गोळा जड, ओढली की गल्लीभर वास. हेरॉइनची पुडी नखाएवढी, बिनवासाची. धाड पडायची भीती असली की विकणारा काय बाळगेल? अफू निरुपद्रवी आहे असं मी म्हणत नाही. मुंबईत गिरणीत जाणाऱ्या बायका तान्ह्याला अफूची बाळगोळी चाटवून जायच्या, त्या मुलांचे हाल झाले. पण २०१९ साली केंद्र सरकारनं एम्सकडून करून घेतलेल्या पाहणीतही अफूपेक्षा हेरॉइन घेणारे जास्त निघाले.

फाशी? १९८९ पासून कायद्यात आहे. दुसऱ्यांदा सापडल्यावरची सक्तीची फाशी २०११ साली मुंबई उच्च न्यायालयानं घटनाबाह्य ठरवली, पण ती देण्याची मुभा न्यायाधीशांना आजही आहे. धंदा थांबलेला नाही. आणि इंग्रजांनी अफूची मक्तेदारी केली, चीनला विकून पैसा केला, हे खरं. आणली मात्र नाही. अकबराच्या काळच्या ऐन-इ-अकबरीत खसखशीचं पीक नोंदलेलं आहे.

त्या दिवशी डॉक्टरांना स्पीकरवर फोन लावला, दादानं त्यांना सगळं विचारून घेतलं आणि दुपारी तीनला मावशीला पहिली गोळी दिली. सातची गोळी द्यायला त्यानं मोबाइलवर गजर लावला. तो मेसेज त्यानं आणखी तीन ग्रुपवर टाकला होता, त्यांतल्या एकावर आमच्या काकांकडचे आहेत आणि त्यांच्याही घरात एक पेशंट आहे. दादा, हे त्या तिन्ही ग्रुपवर टाक. काकांकडे आज फोन कर.